नेच्यांच्या अंगचे जंतुनाशक गुण

मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की जुन्या विहिरींच्या भिंती, देवळांचे चिरेबंदी तट आणि ओढ्याकाठच्या दरडी यांवर एक निराळीच हिरवळ डोके वर काढते. या हिरवळीला फूल येत नाही, फळ धरत नाही आणि बी तर नसतेच. घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली कोवळी पाने हळूहळू उलगडतात, चार महिने डोलतात आणि पाऊस सरला की बहुतेक सुकून जातात. ही हिरवळ म्हणजे नेच्यांची, ज्यांना इंग्रजी शिकलेली मंडळी फर्न म्हणतात. गोव्याच्या जांभ्या दगडांच्या गडग्यांवर, सह्याद्रीच्या कुशीत आणि पचमढीच्या गार घळ्यांत त्यांचे वैभव विशेष पाहावयास मिळते. शोभेची पाने एवढीच त्यांची ओळख सामान्यतः असते. परंतु गेली काही दशके रसायनशास्त्रज्ञ व वैद्यकाचे अभ्यासक या वनस्पतींकडे एका वेगळ्या दृष्टीने पाहू लागले आहेत. रोगजंतूंची वाढ रोखणारी द्रव्ये त्यांच्या अंगी असतात काय, असल्यास ती माणसाच्या कितपत उपयोगी पडतील, हा त्यांच्यापुढील प्रश्न आहे.

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंच्या संसर्गामुळे जगभर सुमारे १२ लक्ष ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पेनिसिलिनपासून सुरू झालेल्या प्रतिजैविकांच्या परंपरेतील एकेक शस्त्र बोथट होत चालले आहे आणि नव्या शस्त्रांचा शोध मंदावला आहे. अशा वेळी जुन्याहून जुन्या वनस्पतींची दप्तरे पुन्हा उघडून पाहणे क्रमप्राप्तच होते.

प्राचीन घराणे

नेचे आणि त्यांचे दूरचे आप्त लायकोपोडियम, सिलाजिनेला इत्यादी यांची २०१६ साली जगातील अनेक तज्ज्ञांनी मिळून नव्याने मोजदाद केली. तीत सुमारे १२,००० जाती भरल्या. घोड्याच्या शेपटीसारखे दिसणारे एक्विसीटम हे आता नेच्यांच्याच शाखेत गणले जाते. या घराण्याचे पूर्वज फुलझाडांच्या फार आधी, पस्तीस कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीवर नांदत होते. ज्या दगडी कोळशावर आगगाड्या धावल्या, तो पुष्कळसा त्यांच्याच गाडलेल्या अरण्यांपासून झालेला आहे.

या वनस्पतींची प्रजेची रीत फुलझाडांहून वेगळी आहे. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके दिसतात. ते बीजाणूंच्या कोशांचे पुंजके होत. हे बीजाणू धुळीसारखे उडून ओल्या जागी पडले, की त्यांतून नखाएवढी, पातळ, हिरवी चकती तयार होते. या चकतीवरच नर व मादी पेशी निपजतात आणि पाण्याच्या पापुद्र्यातून पोहत जाऊन नरपेशी मादीपेशीला भेटते. तात्पर्य, नेच्याला आपल्या आयुष्याचा सर्वांत नाजूक काळ ओलाव्यात काढावा लागतो. आणि ओलावा जेथे आहे, तेथे बुरशी व जीवाणू यांचा सुकाळ असतो. न पळता येणाऱ्या, जाड सालीचे चिलखत नसलेल्या या वनस्पतींना जगावयाचे तर रासायनिक शस्त्रे बाळगणे भागच होते. कोट्यवधी वर्षांच्या निवडीत ज्यांच्याकडे अशी शस्त्रे होती, ते वंश टिकले.

याचा अर्थ नेच्यांना रोगच होत नाहीत, असा मात्र नव्हे. तांबेऱ्याच्या कित्येक बुरश्या खास नेच्यांवरच वाढणाऱ्या आहेत. निसर्गात कोणतेही शस्त्र अमोघ नसते. शत्रूही तितकाच काळ आपले डाव शिकत आलेला असतो.

शस्त्रे कोणती व ती चालतात कशी

नेच्यांमध्ये सापडणाऱ्या द्रव्यांचे ढोबळ वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग टॅनिनांचा. कच्च्या सुपारीचा किंवा हिरड्याचा तुरटपणा ज्या द्रव्यांमुळे असतो, तीच ही द्रव्ये. प्रथिनांना चिकटून ती त्यांना निकामी करतात. दुसरा वर्ग फ्लॅव्होनॉइडांचा. सिलाजिनेलात आढळणारे अमेंटोफ्लॅव्होन हे याच वर्गातील असून प्रयोगशाळेत ते काही बुरश्यांना मारक ठरले आहे. तिसरा वर्ग टर्पीनांचा. आणि चौथा, नेच्यांपैकी ड्रायॉप्टेरिस या वंशाचे वैशिष्ट्य असलेला, फ्लोरोग्लुसिनॉलच्या संयुगांचा. अ‍ॅस्पिडिन व फिलिसिक आम्ल ही त्यांतील ठळक नावे.

हे चौथ्या वर्गाचे पदार्थ स्निग्ध द्रव्यांत सहज विरघळतात. जीवाणूच्या पेशीभोवतीचे पटल स्निग्धच असते, त्यामुळे ते त्यात शिरकाव करतात. जिवंत पेशी आपली ऊर्जा अशा पटलाच्या दोन बाजूंस विद्युत्‌भारित कणांची पातळी उंचसखल ठेवून मिळवते. धरणाच्या भिंतीआड पाणी अडवून वीज काढावी, तसाच हा प्रकार. ही द्रव्ये त्या धरणाला भोके पाडतात. पाणी वाहून जाते आणि चक्र फिरेनासे होते.

सर्व जीवाणूंवर हा मारा सारखा चालत नाही. हान्स क्रिश्चन ग्रॅम या डॅनिश वैद्याने १८८४ साली शोधलेल्या रंगविण्याच्या पद्धतीने जीवाणूंचे दोन मोठे गट पडतात. गळवे, पुटकुळ्या निर्माण करणारा स्टॅफिलोकॉकस हा जांभळा रंग धरणारा, म्हणजे ग्रॅम-धन गटातील. आतड्यातील कोलाय हा ग्रॅम-ऋण गटातील. दुसऱ्या गटातील जीवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असते आणि शिवाय आत शिरलेले नको ते पदार्थ बाहेर फेकणारे पंप असतात. म्हणूनच नेच्यांच्या अर्काचे परिणाम पाहिले, तर ते स्टॅफिलोकॉकससारख्यांवर ठळक आणि कोलायसारख्यांवर फिके, असा अनुभव वारंवार येतो. चीनच्या ईशान्य भागात, वूदालिआनचीच्या ज्वालामुखी प्रदेशात, ड्रायॉप्टेरिस फ्रॅग्रन्स हा सुगंधी नेचा लोक त्वचारोगांवर वापरीत आले आहेत. तारुण्यपीटिकांशी संबंधित जीवाणूवर त्यातील अ‍ॅस्पिडिनाच्या एका प्रकाराचा परिणाम होतो, असे तेथील संशोधकांना आढळले. तो जीवाणूही ग्रॅम-धन गटातीलच आहे, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

अठरा हजार लिव्हरांचे गुपित

नेच्यांच्या औषधी इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण युरोपातील 'मेल फर्न', म्हणजे ड्रायॉप्टेरिस फिलिक्स-मास, याचे आहे. नाव 'नर नेचा' असले, तरी त्यात नर-मादी असा भेद नाही. त्याच्या दणकट बांध्यावरून ते पडले. याच्या जमिनीत सरपटणाऱ्या खोडाने, म्हणजे मूलक्षोडाने, पोटातील पट्टकृमी पडतो, ही गोष्ट प्राचीन ग्रीकांना ठाऊक होती. पुढे ती मागे पडली. अठराव्या शतकात स्वित्झर्लंडातील मुर्टेन गावच्या नूफर नावाच्या एका शल्यवैद्याच्या विधवेचे पट्टकृमीवरील गुप्त औषध फार प्रसिद्धी पावले. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने १७७५ साली १८,००० लिव्हर मोजून ते गुपित विकत घेतले आणि लोकांसाठी जाहीर केले. गुपित फोडून पाहिले, तर त्यात होती मेल फर्नच्या मूलक्षोडाची पूड आणि तिच्यामागून द्यावयाचे जालीम रेचक! १८२५ साली जिनीव्हाच्या पेशिये या औषधतज्ज्ञाने ईथरच्या साहाय्याने त्याचा तेलकट अर्क काढला, आणि तोच पुढे शंभराहून अधिक वर्षे देशोदेशींच्या औषधकोशांत राहिला. भारतात हिमालयातील याच वंशाच्या अन्य जाती पर्याय म्हणून वापरल्या जात.

कृमी हा सूक्ष्मजंतू नव्हे, हे खरे. परंतु कृमीला लुळा करणारी आणि जीवाणूला रोखणारी द्रव्ये एकाच कुळीची आहेत, म्हणून हा इतिहास येथे प्रस्तुत ठरतो. त्यातील खरा धडा मात्र पुढेच आहे. जे द्रव्य कृमीच्या पेशीतील ऊर्जेचे धरण फोडते, ते माणसाच्या पेशीला का सोडील? मात्रा थोडी जास्त झाली, किंवा औषध आतड्यातून रक्तात शोषले गेले, की उलट्या, झटके आणि प्रसंगी कायमचे अंधत्व येई. काही रोगी दगावलेही. रेचक म्हणून एरंडेल देणे विशेष घातक ठरे, कारण तेलात ही द्रव्ये विरघळून शरीरात अधिक शोषली जात. म्हणून क्षाराचे रेचक देण्याचा दंडक पडला. १९६०च्या सुमारास निक्लोसमाइड व पुढे १९७०नंतर प्राझिक्वान्टेल ही अधिक निर्धोक औषधे आली आणि मेल फर्न औषधालयाच्या फडताळातून कायमचा उतरला. गुण होता, पण गुण व विष यांतील अंतर फार थोडे होते.

हंसराज आणि बाशिंग

भारतीय परंपरेत नेच्यांना स्थान अगदीच नव्हते, असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात कंठाला हितकर अशा दहा द्रव्यांचा गण सांगितला आहे. त्यात हंसपदीचे नाव येते. ही हंसपदी म्हणजे अ‍ॅडिअँटम वंशातील नेचा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काळ्याभोर, केसासारख्या चकचकीत देठांचा हा नेचा मराठीत हंसराज म्हणून ओळखला जातो आणि विहिरींच्या ओल्या भिंतींवर तो हमखास सापडतो. याचाच एक भाऊबंद युनानी वैद्यकात 'परसियावशां' या नावाने खोकला व छातीच्या विकारांवर दिला जातो. हैदराबादेतील युनानी हकिमांच्या परंपरेला हे नाव परके नाही. 'अ‍ॅडिअँटम' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ 'न भिजणारा' असा आहे. पानावर पाणी पडले, तरी थेंब घरंगळून जातो, हे पाहून ते नाव पडले.

दुसरा परिचित नेचा म्हणजे बाशिंग. सह्याद्रीतील झाडांच्या खोडांवर व खडकांवर याची वसाहत असते. याला दोन तऱ्हेची पाने येतात. एक लांब, हिरवी, बीजाणू धरणारी, आणि दुसरी आखूड, तपकिरी, खोडाला चिकटून राहणारी. नवरदेवाच्या बाशिंगाची आठवण करून देणारी ही तपकिरी पाने पालापाचोळा अडवून नेच्यासाठी खताची परडीच तयार करतात. आदिवासी व ग्रामीण वैद्य याचे केसाळ मूलक्षोड वापरतात. प्रयोगशाळांतून त्याच्या अर्काच्या कसोट्या झाल्या असून कित्येक जीवाणूंची वाढ त्याने खुंटल्याचे दिसून आले आहे.

या विषयाची व्यापक पाहणी करण्याचे श्रेय भारतीय संशोधकांकडेही जाते. बॅनर्जी व सेन यांनी नेचे व त्यांचे आप्त यांच्या अनेक जाती तपासून त्यांच्या प्रतिजैविक गुणांचा आढावा १९८० साली 'इकॉनॉमिक बॉटनी' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर देशातील विद्यापीठांतून अशा कसोट्यांची रीघच लागली.

कसोटी आणि तिचा अर्थ

ही कसोटी समजावयास सोपी आहे. काचेच्या पसरट बशीत अगार नावाचा खिरीसारखा गोठलेला पोषक पदार्थ घेऊन त्यावर जीवाणूंचे विरजण पसरतात. कागदाची एक बारीक चकती वनस्पतीच्या अर्कात भिजवून त्यावर ठेवतात आणि बशी शरीराइतक्या उष्णतेत रात्रभर राहू देतात. सकाळी सगळीकडे जीवाणूंची दाट साय धरलेली असते. अर्कात शक्ती असेल, तर चकतीभोवती मात्र स्वच्छ कडे राहते. कड्याची रुंदी मोजली, की झाली परीक्षा. त्यापुढील पायरी म्हणजे अर्क अधिकाधिक पातळ करीत जाऊन किती कमी मात्रेत वाढ थांबते, हे पाहणे.

वर्तमानपत्रांतून 'अमुक वनस्पतीने रोगजंतू मारले' असे मथळे झळकतात, ते बहुधा या बशीच्याच आधारावर. परंतु बशी म्हणजे शरीर नव्हे. एक तर, अशा प्रयोगांत वनस्पतीच्या कच्च्या अर्काची जी मात्रा लागते, ती सिद्ध प्रतिजैविकांच्या मात्रेच्या शेकडो पट असू शकते. एवढी मात्रा रक्तात नेणे शक्य तरी असते काय, आणि नेल्यास यकृत व मूत्रपिंड यांचे काय होईल, याचे उत्तर बशी देत नाही. दुसरे असे, की टॅनिने दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात. बशीत ती पराक्रमी दिसतात, पण पोटात गेल्यावर अन्नातील प्रथिनांतच गुंतून पडतात. तिसरी गोष्ट अर्क काढण्याच्या रीतीची. पुष्कळ ठिकाणी मद्यार्काने काढलेला अर्क प्रभावी ठरतो, आणि पाण्याने काढलेला निष्प्रभ. घरी उकळलेला काढा हा पाण्याचा असतो. म्हणजे शास्त्रज्ञाने तपासलेली वस्तू व घरी प्यालेली वस्तू यांचे नाव एक असले, तरी द्रव्ये एक नसतात.

यास्तव बशीतील स्वच्छ कडे हा शोधाचा आरंभ होय, शेवट नव्हे. त्यानंतर नेमके द्रव्य वेगळे करणे, त्याची रचना ठरविणे, प्राण्यांवर व मग माणसांवर त्याची पारख करणे, हा दीर्घ प्रवास उरतो. ज्यांनी वैद्यकात क्रांती केली, ती पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन यांसारखी औषधे बुरश्या व मातीतील सूक्ष्मजीव यांच्यापासून मिळाली. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्ये १९६१ साली सापडलेले हॅमायसिन हे बुरशीनाशकही मातीतील सूक्ष्मजीवाचेच. नेच्यापासून निघालेले व सर्वत्र मान्यता पावलेले प्रतिजैविक अद्याप कोणत्याही औषधालयात नाही.

शेतात आणि रणांगणात

औषधालयात नसले, तरी शेतात मात्र या घराण्याने पाऊल टाकले आहे. एक्विसीटमच्या खोडात सिलिका इतकी असते, की पूर्वी युरोपात भांडी घासण्यासाठी त्याचा उपयोग करीत. त्याचा काढा पिकांवर शिंपडला असता भुरीसारख्या बुरश्यांना आळा बसतो, असा तेथील बागाइतदारांचा अनुभव होता. २०१४ साली युरोपीय संघाने एक्विसीटम आर्व्हेन्स या जातीला पिकांवरील बुरशीविरुद्ध वापरण्यास रीतसर मान्यता दिली.

लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे काम तर याहून उद्बोधक आहे. तेथील शास्त्रज्ञांनी टेक्टेरिया मॅक्रोडोन्टा या नेच्यातून एक प्रथिन वेगळे केले. कापसावरील पांढऱ्या माशीला ते मारक ठरले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात त्या प्रथिनाचा जनुक कापसात घातल्यावर झाडे माशीपासून आणि ती पसरवीत असलेल्या पर्णगुच्छाच्या विषाणुरोगापासूनही बचावली. दोन वर्षांनी, २०१८ साली, पाण्यावर तरंगणाऱ्या अझोला व साल्व्हिनिया या नेच्यांची संपूर्ण जनुकावली वाचण्यात आली. तेव्हा असे अनुमान निघाले, की हा कीटकनाशक जनुक मुळात नेच्यांचा नसून फार पूर्वी एखाद्या जीवाणूपासून त्यांच्यात आला असावा. ज्यांच्याशी झगडावयाचे, त्यांच्याच शस्त्रागारातून एक शस्त्र उचलावे, असा हा प्रकार!

नेच्यांची चुलत शाखा म्हणावी अशा शेवाळींपैकी स्फॅग्नमने तर युद्धात कामगिरी बजावली. पहिल्या महायुद्धात कापसाचा तुटवडा पडला, तेव्हा एडिंबरोचे वनस्पतिशास्त्रज्ञ बेली बाल्फर व शल्यवैद्य कॅथकार्ट यांनी जखमांवर स्फॅग्नम बांधण्याचा पुरस्कार केला. १९१८च्या सुमारास ब्रिटनमधून दरमहा दहा लक्ष पट्ट्या रवाना होत. स्फॅग्नमच्या पानांतील मोठ्या, मृत, सच्छिद्र पेशी आपल्या वजनाच्या वीस पट द्रव शोषतात. शिवाय ही शेवाळी भोवतालचे पाणी आंबट करते, आणि आंबट पाण्यात पुष्कळ जीवाणूंची वाढ होत नाही. डेन्मार्कच्या दलदलीत १९५० साली सापडलेला 'टोलुंड मानव' दोन हजारांहून अधिक वर्षे चेहऱ्यावरील सुरकुत्यांसह टिकला, तो अशाच शेवाळीच्या थरांत. यामागे 'स्फॅग्नान' हे खास द्रव्य असल्याचा बोलबाला झाला होता. पण नॉर्वेतील संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले, की त्याची जीवाणूंविरुद्धची शक्ती बव्हंशी आंबटपणाचीच आहे. चमत्काराची जागा साध्या कारणाने घेतली. आणि याच शेवाळीवर वाढणाऱ्या एका बुरशीमुळे १९८८ साली अमेरिकेत तिचे गठ्ठे हाताळणाऱ्या अनेकांना त्वचेचा संसर्ग झाला, हेही विसरता येत नाही. जंतुनाशक म्हणून गाजलेली वस्तूही जंतुरहित असतेच, असे नाही.

तात्पर्य

नेच्यांविषयी गाफील राहण्यातही धोका आहे. ब्रॅकन हा सर्वत्र आढळणारा नेचा गुरांनी खाल्ला, तर त्यांना रक्तमूत्राचा विकार व मूत्राशयाचा कर्करोग होतो. त्यातील टाकिलोसाइड हे कर्करोगजनक द्रव्य १९८३ साली ओळखण्यात आले. वनस्पती नैसर्गिक आहे, एवढ्यावरून ती निरुपद्रवी ठरत नाही. ज्वर, जखम चिघळणे, छातीतील कफ अशा संसर्गांत वैद्याने दिलेले औषध बाजूला ठेवून रानातल्या मुळ्यांवर विसंबणे म्हणजे मौल्यवान वेळ घालविणे होय. तसेच वैद्याने सांगितलेले प्रतिजैविक अर्धवट सोडणे किंवा न विचारता घेणे, हेही जंतूंना बळ देण्यासारखेच आहे.

दुसरीकडे, आज हाती औषध नाही म्हणून हे भांडार कवडीमोल, असे मानणेही चुकीचे. मूलक्षोड उपटले, की नेचा समूळ जातो. बीजाणूपासून पुन्हा झाड उभे राहण्यास ओलावा, सावली व वर्षे लागतात. औषधी म्हणून होणारी बेसुमार तोड, खाणी, आटणारे झरे आणि बुजविल्या जाणाऱ्या जुन्या विहिरी यांमुळे त्यांचा निवारा आक्रसत चालला आहे. कोट्यवधी वर्षांच्या झुंजीतून या मुक्या वनस्पतींनी जी रसायने घडविली, त्यांपैकी फार थोडी माणसाने वाचली आहेत. वाचून होण्याआधीच पाने फाटली, तर त्यांत काय लिहिले होते, हे पुढे कोणालाही सांगता यावयाचे नाही.